कपडा आणा, पण घेण्याआधी विचारा

"ताई, कपडा आमच्याजवळ आहे, तुम्ही फक्त छपाईचं सांगा न."

सीझनमध्ये दिवसातून दोन-तीनदा तरी हे ऐकते. गणपतीच्या महिनाभर आधी ढोल-ताशा पथकांची पोट्टी येतात, डिसेंबरात अधिवेशनावर मोर्चा काढणाऱ्या संघटना, मग शाळांची स्नेहसंमेलनं. नागपूरच्या सक्करदऱ्यात आमचं स्क्रीन प्रिंटिंगचं छोटं युनिट आहे. टेबलावर माझा दीर आणि दोन कारागीर, काउंटरवर मी. त्यामुळे ऑर्डरला हो म्हणायचं की नाही, हे माझ्याकडे.

आमच्या धंद्यात पुष्कळांनी सरळ सांगून टाकलंय की ग्राहकाचा कपडा घेणार नाही. मी तसं कधी म्हटलं नाही आणि म्हणणारही नाही. लोक स्वतःचा कपडा का आणतात ते मला रोज दिसतं. एखाद्या पथकाला हातमागाचाच कुर्ता पाहिजे असतो. एखाद्या शाळेत मागच्या वर्षीचे साठ कोरे टी-शर्ट कपाटात पडलेले असतात. माझ्या रॅकवर तिरुपूरचा माल आहे, पण एस ते डबल एक्सेल एवढाच. चार वर्षांच्या लेकराचं किंवा ५४ छातीच्या काकांचं माप माझ्याकडे नसतं. चांगला कपडा घरात असताना नवीन घ्या, हे माझ्या तोंडून निघत नाही.

पण कपडा विकत घ्यायच्या आधी मला विचारा. गठ्ठा घेऊन दारात आल्यावर विचारलं तर माझ्या हातात फार काही उरत नाही.

तीन वर्षांपूर्वी धावण्याच्या एका स्पर्धेसाठी १२० लाल टी-शर्ट आले. ड्राय-फिट, म्हणजे पॉलिस्टर. आणणारे दादा म्हणाले, दुकानदाराने सांगितलं याच्यावर काहीही छापता येतं. स्पर्धा तीन दिवसांवर, मी घेतले. छातीवर पांढऱ्या इंकमध्ये नाव. रात्री अकराला शेवटचा नग मशीनमधून निघाला तेव्हा पांढरा इतका लख्ख आला होता की दिराने कौतुकाने फोटो काढला. सकाळी मी गठ्ठा सोडला. वरच्या शर्टावरचं नाव थोडं गुलाबीसर वाटलं. दारात उजेडात नेऊन बघितलं, तरी गुलाबीच. दुसरा काढला, तिसरा काढला. गठ्ठ्याच्या मधोमध, जिथे शर्ट गरम-गरमच एकावर एक रचले होते, तिथे तर अक्षरं रूहअफजा घातलेल्या दुधासारखी झाली होती.

असं का होतं, तर पॉलिस्टर ज्या रंगाने रंगवतात, त्या डिस्पर्स डायची तापल्यावर वाफ होते, आणि ती वर चढून इंकमध्ये शिरते. आमची नेहमीची प्लास्टिसोल इंक पक्की व्हायला साधारण १६० अंश सेल्सिअस लागतात. तेवढ्या तापात लाल, मरून, नेव्ही ब्लू पॉलिस्टर रंग सोडतो. कधी रात्रीतून, कधी दोन-चार दिवसांनी. याला उपाय आहेत. कमी तापमानाला पक्की होणारी इंक मिळते, खाली रंग अडवणारा राखाडी थर देता येतो, छापलेले नग पसरून थंड करता येतात. पण कपडा पॉलिस्टरचा आहे हे आधी कळलं, तरच ती इंक मागवून ठेवता येते. एकदा गुलाबी झालेलं अक्षर परत पांढरं होत नाही. मी छपाईचे पैसे घेतले नाहीत, कपड्याचे अर्धे पैसे दिले, आणि ती मुलं गुलाबी नावाचे शर्ट घालून धावली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून काउंटरवर काडीपेटी ठेवली आहे. शिवणीच्या आतून एक धागा ओढायचा आणि पेटवायचा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख बोटात भुरभुरते. पॉलिस्टर आधी आक्रसतो, मग वितळतो, आणि टोकाला कडक काळा मणी राहतो. मिक्स असेल तर दोन्ही. कॉलरच्या लेबलवर "१००% कॉटन" आणि चिमटीत काळा मणी, असं कितीदा झालंय. ग्राहकाचा चेहरा तेव्हा बघवत नाही, कारण त्याचे पैसे तर दुकानात गेलेले असतात.

सुती म्हणजे सगळं सोपं, असंही नाही. कडक खळ असलेल्या कुर्त्यावर इंक धाग्यात उतरतच नाही, खळीवर बसते, आणि पहिल्या धुण्यात खळीसोबत निघून जाते. न धुतलेला कपडा आटला की गोल लोगो लांबुळका होतो. म्हणून कुर्ते असतील तर आधी एकदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून आणा.

आता पैशाचं. "कपडा आमचा, मग छपाई महाग काहून?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागतो, कारण विचारणाऱ्याला वाटतं मी त्याला लुटून राहिली. माझ्या रॅकवरच्या टी-शर्टात माझा थोडा नफा असतो, हे मी लपवत नाही. त्या नफ्यातून खराब झालेले नग भरून निघतात. शंभरात दोन-तीन नग जातातच: कुठे डिझाइन हललं, कुठे इंकचा ठिपका पडला. माझा माल असला की मी रॅकवरून दुसरा काढते, तुम्हाला कळतसुद्धा नाही. तुमचा असला की दुसरा कुठून आणू? तुम्ही चाळीस माणसांसाठी मोजून चाळीस आणता, त्यात डबल एक्सेल एकच. नगामागे २५ रुपये मिळवायला मी तुमच्या ७०० रुपयांच्या कुर्त्याला हात लावते, आणि तो हात प्रत्येक वेळी जड असतो. म्हणून छपाईचा दर थोडा जास्त, आणि म्हणून मी विनवते की शंभरामागे पाच नग जास्तीचे आणा. उरले तर तुमचेच आहेत.

शिवाय पॅकिंगमधले शर्ट आले की प्रत्येकाची पिशवी, पुठ्ठा, कॉलरमधली पट्टी, क्लिपा, टाचण्या काढाव्या लागतात. मागच्या श्रावणात एक टाचणी राहून गेली. इंक ओढायची रबरी पट्टी, म्हणजे स्क्वीजी, फिरली आणि जिच्यातून छापतो ती जाळी टर्रकन फाटली. नवीन जाळी ताणायची, इमल्शन म्हणजे उजेडाने घट्ट होणारं रसायन लावायचं, पावसाळी हवेत ते वाळायची वाट बघायची, मग एक्स्पोजर, म्हणजे उजेड देऊन त्यात डिझाइन उमटवायचं. अर्धा दिवस गेला. पॅकिंग घरी काढून, साइजप्रमाणे लावून आणलंत तर मी दर कमी करते, आणि मनापासून करते.

आमच्या धंद्यातल्या भावांनाही एक सांगायचं आहे. "कपड्याची गॅरंटी नाही" असं तोंडी म्हणून हात वर करणं बरोबर नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १५१ सांगतं की दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतली की शहाणा माणूस स्वतःच्या तशा वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायचीच. आणि कलम १५२ सांगतं की तेवढी काळजी घेऊनही नुकसान झालं, तर वेगळा करार नसेल तेव्हा ते वस्तू ताब्यात घेणाऱ्याच्या माथी येत नाही. दोघांच्याही बाजूने केवढं सरळ आहे हे! मी आता नग ग्राहकासमोर मोजते. किती नग, कोणते साइज, आधीपासून डाग किंवा उसवलेलं काय, किती नग वाया जाऊ शकतात, सगळं चिठ्ठीवर लिहून दोघांची सही. आधी ६० सांगून ५८ निघाले की त्यावरून भांडणं व्हायची. ती थांबली.

आणि एक नग ट्रायलला. तो छापायचा, धुवायचा, वाळवायचा, मग बाकीच्यांना हात. यात एक दिवस जातो. तो दिवस मला द्या. परवा कार्यक्रम आहे म्हणून आज गठ्ठा आणला, तर तो दिवसच नसतो.

परवा एका पथकाच्या पोरीने गांधीबागेतल्या दुकानातूनच फोन केला. कुर्त्याच्या लेबलचा फोटो पाठवला आणि म्हणाली, "काकू, ८० घ्यायचे आहेत, घेऊ का?" मला किती बरं वाटलं! म्हटलं, बेटा, आधी दोनच घे. काल ती दोन कुर्ते देऊन गेली. एक खळ काढून छापला, एक तसाच. दोन्ही धुतले, आता गच्चीवर दोरीवर आहेत. संध्याकाळी वाळले की तिला फोन करते.