फुटलेल्या कराराची किंमत: मुटूचा हिशेब आणि आपला गोंगाट

बुखारेस्टमध्ये रोमानियाचा माजी फुटबॉलपटू आद्रियान मुटूचं नाव निघालं की आधी 'ब्रिलियांतुल', म्हणजे हिरा, असं म्हणतात आणि लगेच सुस्कारा येतो. रोमानियासाठी 77 सामन्यांत 35 गोल. त्यांचा सर्वांत गाजलेला खेळाडू हाजी, त्याचेही 35च, पण 124 सामन्यांत. (हाजी मधल्या फळीतला, तेव्हा ही तुलना जरा लबाडच.) पुणेकरांच्या आठवणीतला मुटू वेगळा: 2015 साली एफसी पुणे सिटीने आणलेला 36 वर्षांचा मार्की, म्हणजे संघाचा मोठ्या नावाचा चेहरा असलेला, खेळाडू. आदल्या वर्षी फ्रान्सचा त्रेझेगे, त्या वर्षी हा. 'म्हाताऱ्या नावांवर पैसा उधळला' या वादात दोघेही एकाच टोपलीत गेले. 2019 मध्ये क्लबच बंद पडला, त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबने घेतली, आणि वादाला जागाच उरली नाही.

मला त्याची आठवण आली ती अन्वर अलीमुळे. दिल्ली एफसी या मूळ क्लबने त्याला चार वर्षांच्या लोनवर, म्हणजे उसना, मोहन बागानला दिलं होतं; 2024 मध्ये हा बचावपटू तो करार मोडून ईस्ट बंगालकडे गेला. भारतीय फुटबॉल महासंघाच्या समितीने चार महिने बंदी घातली आणि खेळाडू, दिल्ली एफसी व ईस्ट बंगाल मिळून मोहन बागानला 12 कोटी 90 लाख रुपये भरपाई द्यावी असं ठरवलं. दिल्ली उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर महासंघाला तो आदेश मागे घेऊन नव्याने सुनावणी घ्यावी लागली, कारण आदेशात कारणंच दिलेली नव्हती. आपल्याकडची चर्चा मात्र 'गद्दार' आणि 'गरीब बिचारा' या दोन शब्दांत अडकली. 12 कोटी 90 लाख हा आकडा आला कुठून, हे विचारणारे थोडे.

मुटूच्या बाबतीत आकडा कुठून आला, ते बोटांवर मोजता येतं. 2002-03 मध्ये पार्मा क्लबसाठी सेरी आ या इटलीच्या अव्वल लीगमध्ये 18 गोल केल्यावर ऑगस्ट 2003 मध्ये चेल्सीने त्याला 2 कोटी 25 लाख युरोंना घेतलं. करार जून 2008 पर्यंत, म्हणजे जवळपास पाच वर्षांचा. हिशेबाच्या वहीत ही रक्कम एकदम खर्ची पडत नाही, कराराच्या वर्षांवर वाटली जाते. म्हणजे वर्षाला ढोबळमानाने 45 लाख. ऑक्टोबर 2004 मध्ये कोकेनच्या चाचणीत तो सापडला आणि त्याच महिन्यात चेल्सीने त्याला काढून टाकलं. तोवर 14 महिने झाले होते. 52 लाखांच्या आसपास वसूल, उरले 1 कोटी 72 लाखांच्या जवळ. करार मोडल्याबद्दल मुटूने चेल्सीला द्यायची म्हणून फिफाच्या तंटा निवारण कक्षाने मे 2008 मध्ये ठरवलेली रक्कम होती 1 कोटी 71 लाख 73 हजार 990 युरो. लोझानच्या क्रीडा लवादाने ती 2009 मध्ये कायम केली, स्विस सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये.

इंग्लिश महासंघाची शिक्षा होती सात महिन्यांची बंदी आणि 20 हजार पौंड दंड. आजच्या उत्तेजकविरोधी नियमांत स्पर्धेबाहेर, खेळाशी संबंध नसताना घेतलेल्या कोकेनला तीन महिने बंदी आहे, आणि उपचार पूर्ण केले तर एकच महिना. गुन्ह्याची शिक्षा महिन्यांत, पण कराराची शिक्षा कोटींत! चोराला दंड आणि त्याच्या घरावर जप्ती, असा प्रकार.

आता खरी मेख. चेल्सीने त्याला स्वतःहून सोडलं होतं. बंदी संपेपर्यंत पगार थांबवून नंतर विकायचा पर्याय त्यांच्याकडे होता. बाजारात तो अजून मोलाचा होता, हे लगेच दिसलं. जानेवारी 2005 मध्ये युव्हेंतुसने त्याला फुकट उचललं, तेही लिव्होर्नोमार्गे. रोमानिया तेव्हा युरोपीय संघात नव्हता आणि संघाबाहेरच्या खेळाडूंची युव्हेंतुसची जागा भरलेली होती, म्हणून नोंदणी आधी लिव्होर्नोच्या नावावर झाली. दीड वर्षाने त्यांनी त्याला फियोरेंतिनाला विकून सुमारे 80 लाख युरो कमावले. फिफाने 2013 मध्ये युव्हेंतुस आणि लिव्होर्नो या दोन्ही क्लबना भरपाईत संयुक्त जबाबदार धरलं, पण 2015 मध्ये लवादाने ते रद्द केलं: नव्या क्लबची जबाबदारी खेळाडू करार मोडून निघून जातो तेव्हाची आहे, मालकाने हाकललेल्याची नाही. कायद्याच्या भाषेत बरोबर असेल, पण ज्याने नफा कमावला तो सुटला आणि एकटा खेळाडू अडकला. माझ्या मते वसूल न झालेली फी पूर्ण मागण्याचा हक्क काढून टाकणाऱ्या क्लबला असता कामा नये. 2018 मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयातही मुटूची तक्रार टिकली नाही.

हे ओझं डोक्यावर घेऊन तो कसा खेळला, हे इथले लोक विसरतात. 2007-08 मध्ये फियोरेंतिनासाठी लीगमध्ये 17 गोल. फिफाच्या मे 2008 च्या निकालानंतर महिनाभराने, 13 जूनला झ्युरिकमध्ये युरो स्पर्धेत इटलीविरुद्ध झाम्ब्रोताच्या चुकीच्या हेडरवर झडप घालून त्याने गोल केला. लगेच पानुचीने बरोबरी केली, आणि शेवटच्या दहा मिनिटांत मुटूची पेनल्टी बुफॉनने अडवली. 1-1. इथे चर्चा पेनल्टीचीच होते. 2010 मध्ये सिबुट्रामिन या वजन घटवण्याच्या औषधापायी पुन्हा बंदी आली, त्याबद्दल मात्र दुसऱ्या कुणाला दोष देता येत नाही.

अन्वरचं प्रकरण याच्या उलटं आहे: तिथे खेळाडू स्वतः निघाला, म्हणून नवा क्लब कचाट्यात येणं तर्काला धरून होतं. पण तोही तर्क आता तसाच राहिलेला नाही. लासाना दियारा या फ्रेंच फुटबॉलपटूच्या खटल्यात ऑक्टोबर 2024 मध्ये युरोपीय संघाच्या न्यायालयाने नवा क्लब दोषीच आहे असं धरून चालणं बेकायदा ठरवलं. डिसेंबरमध्ये फिफाने नियम बदलला. आता नव्या क्लबने खेळाडूला फूस लावली हे जुन्या क्लबने सिद्ध करायचं. कोलकात्यातला वाद जुन्या कलमावर चालला होता. आपल्या क्लबनी आणि खेळाडूंनी पुढचा करार लिहिताना त्यात तीन आकडे आधीच टाकावेत: खरी फी किंवा लोनची रक्कम, दर वर्षी त्यातली किती फिटली असं धरायचं, आणि क्लबनेच हाकललं तर उरलेल्यातलं किती माफ.