डिमेन्शियाचं शिक्षण: मराठीत, मोबाईलवर आणि दुपारी दोन वाजता

नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, १९८९ पासून. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, १९९८ सालचं. घरबसल्या शिकवायचं कसं हे एकाला माहीत, वैद्यकाचं ज्ञान दुसऱ्याकडे, आणि दोन्ही आपल्याच गावात. डिमेन्शिया, म्हणजे आठवण आणि समज हळूहळू कमी करत जाणारा स्मृतिभ्रंश, झालेल्या माणसाला घरी सांभाळणाऱ्यांसाठी मराठी ऑनलाइन अभ्यासक्रम नाशिकनंच करावा, असं माझं ठाम मत आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्यांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. त्यांतली बहुतेक घरीच असतात. सून, लेक, नाहीतर स्वतःच सत्तरीला आलेली बायको त्यांचं सगळं करते, तेही कुणी काही न शिकवता.

जागतिक आरोग्य संघटनेचा ‘आयसपोर्ट’ हा काळजी घेणाऱ्यांसाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी चांगला मानतो. पाच विभाग, २३ पाठ, आणि अडचण असेल तोच पाठ आधी उघडायची मोकळीक. तरी भारतात त्याची ऑनलाइन चाचणी झाली तेव्हा मध्येच सोडून देणारे खूप निघाले. मला यात नवल वाटत नाही. दिवसभर माणसामागं धावणारी बाई लॉगिन, पासवर्ड सांभाळत एकटीनं वाचणार कधी, आणि अडलं तर विचारणार कुणाला? गोव्यात दोन तालुक्यांत वेगळा प्रयोग झाला होता. प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्या घरी जाऊन शिकवत, धीर देत. काळजी घेणाऱ्यांचा मानसिक ताण त्यानं कमी झाल्याचं २००८ साली प्रसिद्ध झालं. म्हणून व्हिडिओच्या पाठीशी माणूस हवाच. आठवड्यातून एक फोन, तोही शक्यतो त्याच व्यक्तीचा.

पहिला पाठ मेंदूच्या आकृतीनं सुरू करू नका. अंघोळीनं करा, कारण घरातली सगळ्यात मोठी भांडणं तिथंच होतात. आजी म्हणतात, “झाली माझी सकाळीच.” आपण म्हणतो, “कुठं झाली?” आणि जुंपते. त्यांना थंडी वाजत असते, कुणीतरी कपडे काढतंय याची लाज आणि भीती वाटत असते, डोक्यावर एकदम तांब्या ओतला की श्वास कोंडतो. यातलं काहीच त्यांना सांगता येत नाही. म्हणून बोलावण्याआधी तयारी पूर्ण हवी. पाणी कोमट, कोपर बुडवून पाहिलेलं. पाटाऐवजी पाठ टेकता येईल अशी, चार पाय घट्ट टेकणारी खुर्ची. पांढऱ्या फरशीवर पांढरी खुर्ची त्यांना नीट दिसत नाही, तेव्हा लाल किंवा निळी घ्या. पायाखाली रबरी मॅट. कपडे घालायच्या क्रमानं रचलेले, सगळ्यात आधी घालायचा तो वर. खांद्यावर पंचा राहू द्या, पाणी पायांपासून सुरू करा, केस सगळ्यात शेवटी किंवा दुसऱ्या दिवशी. एका वेळी एकच वाक्य, “हात द्या,” आणि मग आठ-दहा सेकंद गप्प थांबायचं. चिडल्या तर माघार घ्या, अर्ध्या तासानं पुन्हा विचारा. रोज पूर्ण अंघोळ लागत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पुरते, एरवी काखा, जांघा आणि पाय ओल्या फडक्यानं पुसून कोरडे करायचे. देवपूजेच्या घरात हे पचायला जड जातं. पण ओढून-ताणून घातलेल्या अंघोळीत पाय घसरून खुबा मोडला तर पुढचे कित्येक महिने अंथरुणात जातात.

संध्याकाळच्या घालमेलीचा पाठ लहान असला तरी चालेल. अंधार पडायच्या आधीच दिवे लावा, पडदे ओढा, दुपारची झोप अर्ध्या तासावर जाऊ देऊ नका, चारनंतर चहा नको. “गंगेवर जाऊन येतो” (म्हणजे गोदावरीवर) म्हणत आजोबा चपला शोधू लागले तर “आता कुठं?” म्हणू नका. “चला, मी पण येते,” म्हणत सोसायटीत एक फेरी मारून आणा. “माझे पैसे सुनेनं चोरले” हा आरोप आजाराचा आहे, मनातला नव्हे. खुलासे करू नका, त्यांच्याबरोबर शोधू लागा, आणि नेहमी हरवणाऱ्या पाकिटासारखंच दुसरं घरात ठेवा.

एक सूचना मात्र प्रत्येक पाठाच्या शेवटी आलीच पाहिजे. डिमेन्शिया हळूहळू वाढतो. एक-दोन दिवसांत माणूस एकदम गोंधळला, बरळू लागला किंवा गुंगीत गेला, तर लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणं, नवीन औषध यांपैकी काही असू शकतं. मेडिकलमधून आणलेली साधी सर्दीची गोळीसुद्धा हे करू शकते. “आजार वाढला” म्हणून गप्प बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

व्हिडिओ पाच-सहा मिनिटांचे हवेत, व्हॉट्सअॅपवर पाठवता येतील असे. खाली मराठी अक्षरं हवीत, कारण पेशंटशेजारी आवाज बंद ठेवून बघावं लागतं. फक्त ऐकायची प्रतही हवी, पोळ्या लाटताना ऐकता येईल. गटाची भेट आठ-दहा जणांची, दुपारी दोन ते तीन. संध्याकाळी सहाची वेळ ठरवणाऱ्याला हा आजार कळलेलाच नाही, तीच तर घरात सगळ्यात अवघड घटका. पेशंटचे अंघोळीचे किंवा चिडल्याचे व्हिडिओ गटात टाकायला सक्त मनाई असावी. डॉक्टरांना दाखवायला अर्ध्या मिनिटाचा घ्यावा, नंतर पुसून टाकावा. रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ दिवसा.

आणि २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या गर्दीआधी वाट चुकण्याचा पाठ तयार झालाच पाहिजे. घरच्या दोन मोबाईल क्रमांकांची पट्टी रोजच्या कपड्यांना आतून शिवा. आपल्या फोनमध्ये त्यांचा अलीकडचा, पूर्ण उंचीचा फोटो ठेवा. माणूस दिसेनासा झाला की आधी घर, गच्ची, जिना. मग जुनं घर, जुनी नोकरीची जागा, नेहमीचं देऊळ. त्याच वेळी दुसऱ्या कुणीतरी पोलीस चौकी गाठायची. तक्रारीसाठी चोवीस तास थांबावं लागतं हा निव्वळ गैरसमज आहे.