सगळ्यांच्याच जर्नलमध्ये ९.८ कसे येते?

अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकांविषयी माझे एक ठाम मत आहे. ज्या वर्गातील प्रत्येकाच्या जर्नलमध्ये गुरुत्व त्वरणाचे उत्तर नेमके ९.८ येते, त्या वर्गाने लंबकाचा प्रयोग केलेलाच नसतो. हे मी रागाने नव्हे, हिशेबाने म्हणतो आहे.

एक मीटर लांबीच्या लंबकाला एक दोलन पूर्ण करण्यास सुमारे २ सेकंद लागतात. स्टॉपवॉच हाताने चालू-बंद करताना साधारण ०.२ सेकंदांची चूक सहज होते. एकाच दोलनाची वेळ मोजली, तर ही चूक आवर्तकालात (एका दोलनाला लागणाऱ्या वेळेत) १० टक्के होते आणि त्यावरून गुरुत्व त्वरण काढण्याच्या सूत्रात आवर्तकालाचा वर्ग असल्यामुळे उत्तरात ती २० टक्क्यांवर जाते. म्हणूनच २० दोलने मोजायची असतात. तेव्हा तीच चूक ४० सेकंदांत विभागली जाऊन उत्तरात जेमतेम एक टक्का उरते. मुंबईत गुरुत्व त्वरणाचे मूल्य ९.७९ च्या आसपास आहे, म्हणजे मन लावून प्रयोग करणाऱ्या मुलांची उत्तरे ९.७ ते ९.९ या पट्ट्यात विखुरलेली असायला हवीत. त्यांनी लंबक खरोखर हलवून पाहिला, याची खूण या विखुरण्यातच असते.

आपल्याकडे मात्र ९.६५ उत्तर आलेला विद्यार्थी घाबरतो आणि शेजाऱ्याची वही मागतो. खरे तर शिकण्याची वेळ तिथेच आलेली असते. लंबक ३० अंशांपर्यंत ओढून सोडला होता का? तसे असेल तर आवर्तकाल सुमारे १.७ टक्क्यांनी वाढतो आणि उत्तर ९.४५ पर्यंत खाली येते, कारण आपले सोपे सूत्र लहान आयामापुरतेच, म्हणजे छोट्या झोक्यापुरतेच, खरे असते. लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत न मोजता हुकापर्यंतच मोजली होती का? ही चूक तर मला फार महत्त्वाची वाटते, कारण तिचा छडा आलेखच लावतो. लांबी आडव्या अक्षावर आणि आवर्तकालाचा वर्ग उभ्या अक्षावर घेतला की बिंदू एका सरळ रेषेत येतात, पण ती रेषा आरंभबिंदूतून जात नाही. ती मागे वाढवली तर लांबीचा अक्ष शून्याच्या डावीकडे जिथे छेदते, तितकी लांबी आपण मोजायची विसरलेलो असतो. तरीही रेषेचा चढ बिघडत नाही आणि त्यावरून काढलेले उत्तर बरोबर येते. एका आकड्यावरून उत्तर काढणे आणि आलेखावरून काढणे यांतला फरक इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा शालेय प्रयोग मला माहीत नाही. तयार आकडे उतरवणाऱ्या मुलाला तो कधीच दिसत नाही, कारण त्याची रेषा आधीच शून्यातून नेलेली असते.

अपेक्षेपेक्षा वेगळे आलेले रीडिंग खोडून टाकायचे नसते, याला इतिहासाचा मोठा आधार आहे. १६७२ साली फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जाँ रिशे दक्षिण अमेरिकेतील कायेन येथे गेला. पॅरिसमध्ये अचूक चालणारे त्याचे लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. त्याने लंबक आखूड करून घड्याळ जुळवले, परंतु किती आखूड करावा लागला याची प्रामाणिक नोंदही ठेवली. विषुववृत्ताजवळ गुरुत्वाकर्षण कमी पडते आणि पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे, या न्यूटनच्या विवेचनाला त्या नोंदीचा मोठा उपयोग झाला.

मग मुले रीडिंग का उतरवतात? बारावीच्या १०० गुणांपैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात आणि ते बहुतेक ठिकाणी हात सैल सोडूनच दिले जातात. सीईटी, जेईई आणि नीट या परीक्षांत प्रयोग प्रत्यक्ष करून दाखवावा लागत नाही. त्यामुळे अनेक ज्युनियर कॉलेजांत प्रयोगशाळा वर्षभर बंद राहते आणि परीक्षेच्या तोंडावर आठवडाभरात जर्नल ‘कम्प्लीट’ करून घेतले जाते. या व्यवस्थेत विद्यार्थ्याला दोष देणे मला अन्याय्य वाटते. आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिंपियाडमध्ये, ज्याचे यजमानपद २०१५ मध्ये मुंबईने भूषवले, ५० पैकी २० गुण प्रयोगाला असतात. तिथवर पोहोचणाऱ्या मोजक्या मुलांना मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात उत्तम प्रायोगिक प्रशिक्षण मिळते, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण उरलेल्या लाखो मुलांचे काय?

साहित्य महाग आहे ही सबब लंबकाला तरी लागू होत नाही. दोरा, धातूचा गोळा, स्टँड आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच पुरते. कमी पडतो तो वेळ, आणि परीक्षकाचा योग्य प्रश्न. व्हायवामध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, ‘आवर्तकालाची व्याख्या सांग’ एवढेच न विचारता ‘तुझे कोणते रीडिंग तुला सर्वांत कमी भरवशाचे वाटते आणि का?’ असे विचारावे. मीटर ब्रिजवर (एक मीटर लांबीच्या तारेच्या मदतीने विद्युत रोध मोजण्याच्या उपकरणावर) समतोल बिंदू तारेच्या मध्याजवळ का आणायचा, हेही विचारावे. एक मिलिमीटरची चूक ५० सेंटीमीटरवर उत्तरात ०.४ टक्के, तर १० सेंटीमीटरवर १.१ टक्के फरक पाडते, हे ज्याने स्वतः तारेवर जॉकी (समतोल बिंदू शोधण्याची संपर्क-कळ) टेकवून पाहिले असेल तोच समजून सांगेल. गुण उत्तराच्या अचूकपणाला नव्हे, तर या स्पष्टीकरणाला द्यावेत.

पालकांनाही माझी एक विनंती आहे. अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी फी, निकाल आणि इंटिग्रेटेड बॅच यांची चौकशी आपण करतोच. त्यासोबत प्रात्यक्षिकांचे साप्ताहिक वेळापत्रक लेखी मागून घ्या आणि दिवाळीच्या सुमारास मुलाला विचारा की आतापर्यंत किती प्रयोग त्याने स्वतःच्या हाताने केले.