बादलीभर पाणी पुरत नाही: वॉटर कूलिंगवरच्या आक्षेपांना उत्तर

नमस्कार. संगणक पाण्याने थंड करण्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन आहेत. डिस्टिल्ड पाणी वीज वाहत नाही हे लेखातलं वाक्य वाचकाला गाफील ठेवतं. रेडिएटरची (पाण्यातली उष्णता हवेत सोडणाऱ्या जाळीची) गरजच नाही, वीस लिटरची बादली आणि मत्स्यालयाचा पंप पुरे, आणि लावायचाच तर गाडीच्या हीटरचा कुठलाही रेडिएटर चालतो. शिवाय चांगला एअर कूलर असताना हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे. पहिला आक्षेप पूर्ण मान्य, तिसरा अर्धा. दुसरा मात्र मान्य नाही.

आधी माझी चूक. ताजं डिस्टिल्ड पाणी वीज जवळपास वाहत नाही, पण ते नळ्यांतून फिरायला लागलं की तांब्याचे आयन आणि सोल्डरिंगच्या फ्लक्सचे (डाख देताना लावलेल्या रसायनाचे) अवशेष उचलतं. थेंब मदरबोर्डवर पडला की तिथली धूळही त्यात विरघळते. काही आठवडे फिरलेल्या पाण्यावर त्यामुळे भरवसा ठेवता येत नाही, आणि ‘वीज न वाहणारे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रंगीत द्रवांचंही तेच होतं. ते वाक्य लेखातून काढतो आहे. सुरक्षितता पाण्याच्या शुद्धतेत शोधायची नाही, ती चाचणीतून येते.

चाचणी अशी: जोडणी पूर्ण झाल्यावर पाणी भरण्याआधी सायकलच्या पंपाने साधारण अर्धा बार हवा भरा आणि दाबमापकाचा काटा अर्धा तास पाहा. काटा उतरला तर साबणाचं पाणी लावून फुगे शोधा. मग पाणी भरा, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवा आणि फक्त पंप २४ तास चालवा. त्यासाठी पॉवर सप्लायचा २४ पिनांचा कनेक्टर मदरबोर्डवरून काढून त्यातली हिरवी तार (१६ क्रमांकाची पिन) कोणत्याही काळ्या तारेला जोडायची. पंप पाण्याच्या टाकीपेक्षा खालच्या पातळीवर हवा आणि तो कोरडा चालवायचा नाही, त्याच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं. गळतीचं नेहमीचं कारण म्हणजे फिटिंग पान्ह्याने आवळणं. पाव इंची समांतर आट्यांचे हे सांधे ओ-रिंगवर (रबरी कड्यावर) बंद होतात, आट्यांवर नाही. हाताने आवळून थोडासा ताण पुरतो. टेफ्लॉन टेप लावली तर ओ-रिंग नीट बसत नाही. आणि थेंब पडलाच, तर नुसतं शटडाऊन करून भागत नाही. बोर्डावर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालूच राहतो. भिंतीवरचं बटण बंद करा, मग पुसा.

आता बादली. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून २५० वॅट उष्णता देतात असं धरू. एक लिटर पाणी एक अंशाने तापायला सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात, म्हणजे वीस लिटरना ८४. या हिशेबाने पाणी दर साडेपाच मिनिटांना एक अंश वर जातं, तासाभरात दहा-अकरा अंश. उघड्या पृष्ठभागावरून आणि बाष्पीभवनाने थोडी उष्णता जाते, पण पाणी बरंच तापल्याशिवाय हा निचरा २५० वॅटच्या जवळपासही येत नाही. म्हणून बादलीवाल्याला पहिल्या तासात सगळं उत्तम वाटतं. बादली उष्णता साठवते, घालवत नाही. बर्फ टाकूनही फार काही साधत नाही: एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो, म्हणजे २५० वॅटला जेमतेम बावीस मिनिटं. वर नळ्या दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं त्याच्या) खाली गेल्या की बाहेरून पाणी सुटतं, आणि ही ‘गळती’ कुठल्याच दाबचाचणीत सापडत नाही. उघड्या पाण्यात धूळ आणि शेवाळ येतं ते वेगळंच.

रेडिएटरचं साधं माप: दर १०० ते १५० वॅटला १२० मिलिमीटर पंख्याचा एक भाग. २५० वॅटला दोन हवेत, शांत पंखे हवे असतील तर तीन.

पंपाबद्दल थोडं. खोक्यावरचा लिटर-प्रति-तास हा आकडा कुठलाही अडथळा नसतानाचा असतो, ब्लॉकच्या (प्रोसेसरवर बसणाऱ्या, आतून पाणी फिरणाऱ्या ठोकळ्याच्या) बारीक खाचांतून तो खूप घसरतो. मोजून घ्या: परतीच्या नळीचं तोंड टाकीतल्या पाण्याच्याच पातळीला धरून एक लिटरचं भांडं किती वेळात भरतं ते पाहा. मिनिटाला एक लिटर असेल तर २५० वॅटला पाणी एका फेरीत साडेतीन अंशांनी तापतं, तीन लिटर असेल तर जेमतेम सव्वा अंश. मिनिटाला एक लिटरही येत नसेल तर पंप बदला. मत्स्यालयाच्या पंपाची मोठी अडचण वेगळीच आहे: तो भिंतीवरच्या वेगळ्या बटणावर चालतो आणि संगणक त्याच्याविना सुरू होऊ शकतो. १२ व्होल्टचा पंप घ्या, त्याची वेग सांगणारी तार प्रोसेसरच्या पंख्याच्या पिनांना जोडा आणि बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) पंप थांबल्याचा इशारा चालू ठेवा.

‘कुठलाही रेडिएटर’ ही तुमच्या प्रतिक्रियेतली सर्वात धोक्याची गोष्ट आहे. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात आले की ती एक बॅटरीच होते. ॲल्युमिनियम झिजतं, विरघळलेलं तांबं त्यावर बसतं, खड्डे पडतात आणि सुटलेला पांढरट गाळ ब्लॉकच्या खाचांत अडकतो. गाडीत असे धातू एकत्र नांदतात, कारण तिच्या कूलंटमध्ये गंजरोधक असतो आणि तो ठरावीक काळाने बदलला जातो. साध्या पाण्यात हे संरक्षण नसतं. रेडिएटर घेताना कडेचा रंग कानशीने जरासा खरवडा: लालसर किंवा पिवळसर दिसलं तर तांबं-पितळ, चंदेरी दिसलं तर ठेवून द्या (सांध्यावर खरवडू नका, तिथलं कथिलही चंदेरीच दिसतं). आतून गरम डिस्टिल्ड पाण्याने चार-पाच वेळा धुवा, फ्लक्स निघेपर्यंत. गाळ दिसला की सगळे शेवाळाला दोष देतात, पण पारदर्शक पीव्हीसी नळ्यांतून सुटणारा प्लॅस्टिसायझरही (नळी मऊ ठेवणारं रसायन) तसाच पांढरा थर देतो. काळ्या ईपीडीएम रबराच्या नळीत हा त्रास नाही.

एअर कूलरबद्दल: फक्त प्रोसेसर थंड करायचा असेल आणि तो ६५ ते १२५ वॅटचा असेल, तर तुमचं बरोबर आहे, चांगला एअर कूलर घ्या. ग्राफिक्स कार्डही जोडायचं असेल तर पाण्याचा फायदा खरा आहे: उष्णता दाट वस्तीतून उचलून मोठ्या रेडिएटरवर नेता येते आणि पंखे सावकाश फिरतात. पण मूळ लेखात एक गोष्ट राहिली होती. एअर कूलरचा पंखा प्रोसेसरशेजारच्या व्होल्टेज रेग्युलेटरवरही (प्रोसेसरला योग्य व्होल्टेज पुरवणाऱ्या भागांवरही) वारा घालत असतो. तो काढला की प्रोसेसर गार, आणि रेग्युलेटर तापलेले. तिथे ८० मिलिमीटरचा एक मंद पंखा वेगळा बसवा. ही सूचना आता लेखात जोडली आहे.