खुली वेब फक्त डेव्हलपरची नाही

खुल्या वेबवरच्या, म्हणजे कुठल्याही ब्राउझरमध्ये अ‍ॅपशिवाय उघडणाऱ्या पानांवरच्या, तुमच्या लेखातलं बाकी बरंच पटलं, पण ‘सामान्य माणसाला वेब खुली आहे की बंद, याच्याशी देणंघेणं नसतं’ हे अजिबात पटलं नाही. आमच्या कोपरखैरण्यातल्या सोसायटीने पाणी बंद असल्याच्या नोटिसा फक्त अ‍ॅपवर टाकायला सुरुवात केली. आईचा फोन जुना आहे, त्यावर ते अ‍ॅप इन्स्टॉलच होत नाही. पिंप कधी भरून ठेवायचं, हे तिला शेजारच्या काकूंना विचारावं लागतं. तीच नोटीस साध्या वेब पेजवर असती, तर लिंकवर बोट ठेवून तिने स्वतः वाचली असती. देणंघेणं कसं नाही? झळ तर तिलाच बसतेय!

ब्राइटनमधले वेब डिझायनर जेरेमी कीथ यांचं लिखाण मी बरीच वर्षं वाचतोय. ते सतत मांडतात तो मुद्दा लेखात राहून गेलाय: आधी मजकूर साध्या एचटीएमएलमध्ये (पानाचा मूळ सांगाडा), त्यावर सीएसएस (रंगरूप), आणि जावास्क्रिप्ट (पानात चालणारा प्रोग्रॅम) सगळ्यात शेवटी. न कळलेला टॅग, म्हणजे एचटीएमएलमधली खूण, ब्राउझर सोडून देतो, पण आतला मजकूर दाखवतो. जावास्क्रिप्टमध्ये मात्र एक चूक झाली की स्क्रिप्ट तिथेच अडते, आणि सगळं पान तिच्यावरच उभं असेल तर समोर कोरा स्क्रीन. वेबचा जन्म जिथे झाला त्या सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेचं १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचं पान आजच्या फोनवरही उघडतं, ते या साधेपणामुळेच. सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये मी हेच मागणार आहे: अ‍ॅप खुशाल ठेवा, पण नोटिसांसाठी लॉगिनशिवाय उघडणारं एक साधं पानही द्या.