१६४२चे युद्ध राजेशाही संपवण्यासाठी पेटले नव्हते

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या माझ्या भाचीने परवा एक संदेश पाठवला आणि खाली विचारले, ‘मामा, उत्तरात हे असेच लिहिले तर चालेल ना?’ तोच संदेश याआधी दोनदा माझ्याकडे आला होता आणि मी तो सोडून दिला होता. त्यातले म्हणणे असे: १६४२ साली इंग्लंडच्या जनतेने लोकशाहीसाठी शस्त्र उचलले, राजेशाही संपवण्याचा पार्लमेंटचा निर्धार पहिल्यापासून होता, राजा पहिला चार्ल्स कॅथलिक होता, आणि राजा व पार्लमेंट यांच्यातील या यादवी युद्धाचे एकमेव कारण म्हणजे जहाजकर.

राजेशाही संपवण्याचा मुद्दा यात सर्वांत निराधार आहे. युद्ध पेटण्याच्या जेमतेम तीन महिने आधी, जून १६४२ मध्ये, पार्लमेंटने राजाकडे एकोणीस मागण्या पाठवल्या. त्यांचा मसुदा आजही वाचायला मिळतो आणि त्याच्या आरंभीच दोन्ही सभागृहे स्वतःला महाराजांचे अत्यंत नम्र आणि निष्ठावंत प्रजाजन म्हणवतात. राजाचे सल्लागार पार्लमेंटच्या संमतीने नेमावेत, राजपुत्रांचे शिक्षण आणि विवाहही तिच्या संमतीनेच व्हावेत, सैन्याची व्यवस्था पार्लमेंटने ठरवल्याप्रमाणे असावी, अशा त्या मागण्या आहेत. राजाचे हात बांधण्याची इच्छा त्यांत पानोपानी दिसते, पण सिंहासन रिकामे करण्याची कोठेही दिसत नाही. युद्ध सुरू झाल्यावरही पार्लमेंटचे सैन्य ‘राजा आणि पार्लमेंट’ यांच्याच नावाने लढत होते. ३० जानेवारी १६४९ रोजी चार्ल्सचा शिरच्छेद झाला हे खरे. परंतु त्याआधी, डिसेंबर १६४८ मध्ये, राजाशी तडजोड करू पाहणाऱ्या सभासदांना सैन्याने सभागृहाच्या दारातच अडवले होते. पहिल्यापासून सगळ्यांचा निर्धार असता, तर त्यांना अडवावे कशाला लागले असते?

लोकशाहीचा दावाही असाच आहे. परगण्यांत मताचा अधिकार वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन असणाऱ्यांनाच होता, आणि १६४७ मध्ये लंडनजवळच्या पटनी येथे सैनिकांच्या प्रतिनिधींनी व्यापक मताधिकार मागितला तेव्हा पार्लमेंटच्याच सैन्यातील सेनाधिकारी आयर्टनने त्याला विरोध केला. कॅथलिकांच्या मुलांना प्रॉटेस्टंटांच्या हाती शिक्षण द्यावे, ही मागणीही त्या एकोणिसांतलीच आहे; तिला स्वातंत्र्य म्हणणे मला शक्य नाही.

चार्ल्स कॅथलिक नव्हता. कॅथलिक होती ती त्याची राणी हेन्रिएटा मारिया, आणि इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख धर्मगुरू आर्चबिशप लॉड याने चर्चमध्ये केलेले बदल कॅथलिक वळणाचे वाटल्याने प्युरिटनांचा, म्हणजे कडव्या प्रॉटेस्टंटांचा, संशय वाढला.

जहाजकराबाबत अर्धे सत्य मान्य करावे लागते. १६२९ ते १६४० अशी अकरा वर्षे पार्लमेंट न बोलावता राज्य करणाऱ्या चार्ल्सने, आरमाराच्या नावाखाली किनाऱ्यावरच्या परगण्यांकडून घेतला जाणारा हा कर १६३५ पासून अंतर्भागावरही लादला. पार्लमेंटचा सभासद राहिलेल्या जॉन हॅम्डेनने तो नाकारला, आणि त्याच्यावरील खटल्यात बारा न्यायाधीशांपैकी सातच राजाच्या बाजूने उभे राहिले. पण १६४१ मध्ये राजाच्याच संमतीने हा कर बेकायदा ठरला. जे कारण वर्षभर आधी मिटले होते, त्याच एका कारणासाठी पुढच्या वर्षी युद्ध पेटले, हे पटण्यासारखे नाही.

संदेशात स्कॉटलंड आणि आयर्लंड यांचा उल्लेखच नाही, आणि ही चूक विद्यार्थ्यांना सर्वांत महाग पडेल. १६३७ मध्ये स्कॉटलंडची राजधानी एडिंबरोत राजाने नवे प्रार्थनापुस्तक लादण्यावरून दंगल झाली, स्कॉट लोक शस्त्र घेऊन उठले आणि १६४० मध्ये त्यांनी उत्तर इंग्लंडमधील न्यूकॅसल शहर घेतले. त्यांच्या सैन्याच्या खर्चासाठी रोज ८५० पौंड मोजण्याची वेळ आल्यामुळे राजाला पार्लमेंट बोलावणे भाग पडले. ऑक्टोबर १६४१ मध्ये आयर्लंडमधील कॅथलिकांनी उठाव केला. तो मोडायला सैन्य हवे होते, पण ते सैन्य राजाच्या हाती द्यायला पार्लमेंटमधील अनेक जण तयार नव्हते, आणि इथेच पार्लमेंट दुभंगली. त्याच नोव्हेंबरात राजाविरुद्धच्या तक्रारींचे मोठे निवेदन १५९ विरुद्ध १४८ मतांनी कसेबसे संमत झाले. १६४०च्या अखेरीस जवळपास एकाकी पडलेल्या चार्ल्सला दोन वर्षांनी लढायला पक्ष मिळाला, तो या फुटीमुळे.