पाणी कुणी प्यायलं?

'पास्ता ए फाजोली' हे इटलीतल्या गरिबाघरचं सूप. घेवड्याचे वाळलेले दाणे, उरलासुरला पास्ता, कांदा, गाजर, सेलरी आणि वरून ऑलिव्ह तेलाची धार. संपली कृती. अशी चार ओळींत मावणारी कृती दिसली की मी हल्ली सावध होते. जिथे लिहायला कमी असतं, तिथे निस्तरायला भरपूर असतं.

हे सूप म्हणजे खरं तर पाण्याचा तंटा आहे. भांड्यात उतरणारा प्रत्येक जण तहानलेला. पंच आपण, आणि आपलं कुणी ऐकत नाही.

सुरुवात आदल्या रात्री. दाणे आठ ते बारा तास भिजले पाहिजेत. मी घेतले होते बोर्लोत्ती, राजम्याचे इटलीतले भाऊबंद. फिकट अंगावर मरून रंगाचे शिंतोडे, इतके देखणे की शिजवायला जीव धजावू नये. (शिजल्यावर ते शिंतोडे पुसले जातात आणि सगळे दाणे सारखेच मातकट होतात. हे कृतीच्या फोटोत कुणी दाखवत नाही.) भिजवताना पाण्यात मीठ घालावं की नाही, यावर दोन तट आहेत. आज्या म्हणतात, मीठ शेवटी, नाहीतर दाणा आडमुठा होतो. शास्त्र म्हणतं, भिजवतानाच घाला, मिठातल्या सोडियममुळे साल मऊ पडते. मी शास्त्राच्या बाजूने उभी राहिले, कारण आज्या सकाळी जाब विचारायला येतात, शास्त्र येत नाही. सकाळी पाहते तर दाणे फुगून दुप्पट झालेले आणि काठोकाठ ओतलेलं पाणी तळाशी गेलेलं. पहिला हप्ता वसूल.

"कुकरला लाव ना सरळ," नवरा म्हणाला. त्याचं बरोबर होतं. म्हणूनच मी ऐकलं नाही. कुकरमध्ये डोकावता येत नाही, आणि सालं न फुटता दाणे मऊ करायचे तर मंद आच हवी. मग त्याने फोनवर वाचून दाखवायला सुरुवात केली : या कुळातल्या कच्च्या दाण्यांत, विशेषतः लाल राजम्यात, एक विषारी द्रव्य असतं, आधी किमान 10 मिनिटं खळखळून उकळायलाच हवं, नुसत्या कोमट आचेवर ते जात नाही. द्रव्याचं नाव फायटोहिमॅग्लुटिनिन. हे नाव न अडखळता म्हणून दाखवेपर्यंत त्याची दहा मिनिटं सहज झाली. त्यामुळे वेळ लावायला घड्याळ लागलं नाही.

नंतर मंद आच आणि वाट पाहणं. तोस्काना प्रांतात पूर्वी काचेच्या फुगीर बाटलीत दाणे, पाणी आणि सेजची पानं घालून ती निखाऱ्यांच्या उबेला ठेवत आणि खुशाल झोपायला जात. मला झोप कुठली! पाणी आटलं की गरम पाणी घाल, चार दाणे चाख, पुन्हा घाल. चार का? कारण एक दाणा खोटं बोलतो. तीन लोण्यासारखे आणि चौथा गणंग, दाताला थेट आव्हान. दाणे जुने असतील तर असंच होतं. पाणी जड असलं तरी होतं, आणि टोमॅटो लवकर घातला तर त्याच्या आंबटपणानेही होतं. म्हणून टोमॅटो शेवटाकडे. खरेदी करताना दाण्याचं वय कोणी सांगत नाही. कारणं सगळी माहीत असूनही गणंग मात्र गणंगच राहतो. चाखण्यातच वाटीभर दाणे गेले. त्याला मी तपासणीखर्च म्हणते.

मधल्या वेळात कांदा, गाजर, सेलरी बारीक चिरून तेलावर हळूहळू परतून घेतलं. याबद्दल तक्रार नाही. भाज्या निमूटपणे वागल्या.

मग पार्मेझानची साल. चीज किसून संपलं की उरलेलं ते कडक कवच इटालियन माणूस फेकत नाही, सुपात सोडतो. रस्सा दाट आणि चविष्ट होतो. ती साल म्हणजे वाळलेलं चीजच, खाल्ली तरी चालते. पण तिच्यावर ठिपक्याठिपक्यांनी चिजाचं नाव उमटवलेलं असतं. मुलाने झाकण काढलं आणि ओरडला, "आई, सुपात लेबल पडलंय!" दोघांना पटवून देईपर्यंत रस्सा आणखी बोटभर खाली गेला.

आणि आता खरा पिणारा : पास्ता. नापोलीत, म्हणजे आपल्या ओळखीच्या नेपल्समध्ये, यासाठी 'पास्ता मिस्ता' घेतात, म्हणजे निरनिराळ्या आकारांच्या पास्त्याचे मोडके तुकडे एकत्र. पूर्वी दुकानाच्या खणात तळाशी उरलेले तुकडे स्वस्तात मिळत, त्यातून हा प्रकार आला. एक तुकडा शिजला की दुसरा कच्चा. तिकडे याला दोष नाही, लज्जत मानतात. पास्ता सुपातच शिजवायचा, म्हणजे त्यातली पिठूळी रश्श्यात उतरते. उतरते खरी, पण बदल्यात तो पाणी मागतो. मी ओतलं. त्याने प्यायलं. गॅस बंद केला, तरी पीतच होता. ताटलीत वाढला, तिथेही. पहिला चमचा सुपाचा होता. शेवटचा चमचा उभा राहिला.

घाबरायचं कारण नव्हतं. इटली फार समंजस देश आहे. सूप सरसरीत झालं, तर म्हणायचं उत्तरेतल्या वेनेतो प्रांताकडचं, तिथे अर्धे दाणे गाळणीतून घोटून घालतात. चमचा उभा राहिला, तर नापोलीचं, तिथे दाटपणाचीच वाखाणणी होते. तुमच्या हातून काहीही घडो, त्याला एक गाव सापडतं.

आन्नीबाले कार्राच्ची या चित्रकाराचं 1580 च्या दशकातलं एक चित्र रोममध्ये आहे : दाणे खाणारा माणूस. तोंड उघडं, चमचा अर्ध्यावर, आणि नजर आपल्याकडे, 'जेवताना काय बघताय?' अशी. त्याच्या चमच्यातून रस्सा चक्क ठिबकतोय. मला आधी हेवा वाटला. मग लक्षात आलं, लबाडाने सोबत पास्ता नाही, पाव घेतलाय.

उरलेलं सूप फ्रिजमध्ये गेलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने भांडं उलटं धरलं. काहीच पडलं नाही.

"याला सुरी लावू का?"

"लाव," मी म्हटलं, "पण पाणी मागायला लागलं, तर देऊ नकोस."